मानाचा बैल

पोळा तोंडावर आला. ज्यांच्या दावणीला अजून बैल आहेत त्यांच्याकडे झुली उन्हात पडल्या असतील, गोंडे-घुंगरांची जमवाजमव चालू असेल, शिंगांच्या रंगावरून पोरांची भांडणे लागली असतील. वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या दावणीला बैल नाही. आठ वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला आणि शेवटची जोडी गेली. दावण आहे तिथेच आहे. तिला आता मोटारसायकल टेकवून ठेवतात. तरीसुद्धा पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल जातो तो आमच्याच घराच्या नावाचा. तो कसा, ते आज सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते, पण आपल्यात पडदा कशाला?

पाटीलकी आमच्या घरात होती. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे वंशपरंपरेचे पद गेले, पण पोळ्याचा मान काही कायद्यात लिहिलेला नव्हता, तो राहिला. बैल गेल्यावर थोरले बंधू (त्यांना आम्ही दादा म्हणतो) गावातल्याच एकाचा बैल पोळ्यापुरता आणू लागले. आमची झूल, आमचे बाशिंग, बैल दुसऱ्याचा. ज्याच्याकडून आणत त्याचे आजोबा आमच्याकडे सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे, पुढच्या पाडव्याला फिटायचे. त्या घरात आता चार एकर आहे, एक देखणी खिलार जोडी आहे, आणि पंचविशीतला एक पोरगा आहे. तो जोडीला जिवापाड जपतो.

मागच्या वर्षी दादांनी निरोप धाडला. पोरगा स्वतः आला, ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, “बैल देतो आबा. पण कासरा माझ्या हातात ऱ्हाईल.”

दादा म्हणाले, “मग मान कुणाचा?”

पोरगा म्हणाला, “बैलाचाच म्हनत्यात ना, मानाचा बैल?”

ओट्यावर बसलेल्यांपैकी एक जण फस्सकन हसला, आणि तिथेच बिघडले. दादांनी तिरीमिरीत शेजारच्या गावाहून टेम्पोत घालून भाड्याचा बैल आणला. त्या बिचाऱ्याला ना आमची वेस ठाऊक, ना आमचे ढोल. तोरणापुढे तो असा बिथरला की दोघा-तिघांनी मिळून त्याला खालून ढकलत नेला. सारे गाव पाहत होते. दादा त्या दिवशी पुरणपोळीला शिवले नाहीत.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतो आहे. मान म्हणजे नेमके काय? कुणी पुढे चालावे, कुणी मागे, हे ठरवतो कोण? तालुक्याच्या वाचनालयातून वर्षभर जमतील ती पुस्तके आणून वाचली. मी काही पंडित नाही, पण शहाण्या माणसांनी या प्रश्नावर दोन-अडीच हजार वर्षे डोके खाजवले आहे असे दिसले. त्यातले शेतकऱ्याच्या उपयोगाचे तेवढे इथे मांडतो.

आधी कोंबड्यांपासून सुरू करू, कारण त्या आमच्या परसात आहेत, घरच्या मंडळींच्या खात्यावर. शेल्डरुप-एबे नावाचा एक नॉर्वेजियन गृहस्थ होता. त्याला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कुणाला टोचते हे वहीत टिपून ठेवायचा. १९२१ च्या सुमारास त्याने शास्त्रीय रीतीने दाखवले की प्रत्येक कळपात टोचण्याची एक उतरंड असते. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची सगळ्यांच्या चोची खाते. तुम्ही म्हणाल, हे आमच्या सुनेलाही माहीत आहे! खरे आहे. पण त्याने आणखीही एक पाहिले. ही उतरंड नेहमी सरळ नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीला, असेही निघते. शिवाय एका कळपातली थोरली दुसऱ्या कळपात टाकली की तिचा थोरपणा तिच्याबरोबर जाईलच असे नाही. तिथे तिला पहिल्यापासून भांडावे लागते.

म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचाच न्याय, असे ज्यांना म्हणायचे असते त्यांना कोंबड्यांचीसुद्धा पुरती साक्ष मिळत नाही. आणि कोंबड्या पाळणारा शहाणा माणूस काय करतो? उतरंड मोडायला जात नाही, ती मोडणार नाही हे त्याला ठाऊक असते. तो खाद्याचे भांडे एकाऐवजी दोन ठेवतो, लांब लांब, म्हणजे शेवटच्या कोंबडीच्या पोटातही चार दाणे जातात. हे भांड्याचे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माणसांकडे वळू. माणसे कोंबड्यांपेक्षा हुशार. ती नुसती टोचत नाहीत, टोचण्याला कारणही देतात. ग्रीसच्या प्लेटोने सांगितले की देवाने माणसे घडवताना राज्यकर्त्यांत सोने मिसळले, त्यांच्या सैनिकांत चांदी, आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि कासे. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात तो कबूल करतो की ही गोष्ट खोटी आहे, पण लोक आपापल्या जागी राहावेत म्हणून ती सांगायची! एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या थापाड्यांना जमला नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट बुद्धाच्या नावावर आहे. पाली ग्रंथांतल्या ‘अग्गञ्ञ सुत्ता’त ती येते. मला ती फार आवडली, कारण ती आपली, म्हणजे शेताच्या बांधाची गोष्ट आहे. जन्माने ब्राह्मण असलेले दोन तरुण बुद्धाकडे आलेले असतात आणि वर्णाचा विषय निघतो. बुद्ध सांगतो : फार पूर्वी भात आपोआप उगवत असे, त्याला कोंडा नव्हता, तूस नव्हते. संध्याकाळी तोडून न्यावे तर सकाळपर्यंत पुन्हा पिकलेले. मग एका आळशाला वाटले, दोन वेळा कशाला जायचे, दोन्ही वेळचे एकदम आणू. दुसऱ्याने पाहिले, त्याने दोन दिवसांचे आणले. तिसऱ्याने चारांचे. साठवण सुरू झाली तशी भाताला तूस आले, आणि कापलेले पुन्हा उगवेना. मग लोकांनी जमीन वाटून घेतली, बांध घातले. बांध आला आणि पाठोपाठ चोरीही आली. एकाने आपला तुकडा राखून दुसऱ्याचे भात कापले. त्याला धरले, समज दिली, सोडले. पुन्हा कापले. तिसऱ्यांदा मात्र मार पडला.

तेव्हा सगळे एकत्र बसले. ते म्हणाले, आपल्यातलाच एक जण निवडू. ज्याला रागवायचे त्याला तो रागवेल, घालवायचे त्याला घालवून देईल, आणि त्याबद्दल आपण त्याला आपल्या भातातला हिस्सा देऊ. असा निवडला तो ‘महासंमत’, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला. शेतांचा धनी म्हणून तो खत्तिय, म्हणजे क्षत्रिय. आणि सुत्त पुन्हा पुन्हा बजावते की तो त्याच लोकांतला होता, वेगळ्या मातीचा नव्हता.

थोडक्यात काय, पहिला राजा हा राखणदार होता, आणि त्याला पायली-अधोली मिळायची! आपल्या बलुत्यासारखेच झाले की हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही असेच एक कथन आहे. मोठा मासा धाकट्याला खातो तशी माणसांची गत झाली म्हणून लोकांनी मनूला राजा केले, आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा हिस्सा ठरवून दिला. कौटिल्य पक्का! हे तो राजाच्या गुप्तहेरांच्या तोंडी घालतो, लोकांत जाऊन बोलायला. म्हणजे राजाच्या माणसांनाही लोकांना पटवताना ‘तुम्हीच त्याला नेमले’ असेच म्हणावे लागत होते.

माझ्या आजोबांच्या पेटीत जुने कागद होते. मोडी मला वाचता येत नाही, पण पाटलाची निशाणी ओळखता येते : नांगर. सुताराची, न्हाव्याची ज्याच्या त्याच्या हत्याराची, तशी पाटलाची नांगर. पाटीलकीसाठी आपल्या मुलखात काय काय झाले! भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडले, गोतसभा बसल्या, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्य लोकांनी केले. भांडण नुसते जमिनीचे नसायचे, मानपानाचेही असायचे. आधी विडा कुणाला, होळीची पोळी कुणाची, नांगराची निशाणी वर कुणाची. हे वाचून दादांच्या रागाचे मला तितके हसू येईना. हे दुखणे अंगात मुरलेले आहे, आणि माझ्याही आहे. त्या दिवशी ओट्यावर मीही बसलो होतो. पोरगा उभा होता आणि ‘बस’ म्हणायचे मलाही सुचले नाही.

आता एका शेतकऱ्याची कैफियत ऐका. चीनमध्ये, सव्वादोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. शू शिंग नावाचा एक माणूस होता. तो आणि त्याचे काही डझन सोबती जाडीभरडी वस्त्रे नेसत, जोडे आणि चटया विणून पोट भरत. तंग नावाच्या लहानशा राज्याच्या राजाने त्यांना राहायला जागा दिली. राजा चांगला होता, पण शू शिंग म्हणे, खरा राजा तो की जो प्रजेबरोबर नांगर धरतो आणि आपली भाकरी आपण भाजून खातो. याच्याकडे कोठारे भरलेली आहेत, खजिना आहे. म्हणजे हा लोकांना पिळून आपले पोट भरतो.

वाचताना तुमच्यातल्या कित्येकांनी मान हलवली असेल. मीही हलवली होती. मग मेन्सियस नावाचा विद्वान बोलायला उठतो. शू शिंगच्या एका चेल्याला तो विचारतो, “तुझा गुरू स्वतः पिकवलेलेच धान्य खातो?” “हो.” “टोपी घालतो?” “घालतो.” “स्वतः विणतो?” “नाही, धान्य देऊन घेतो.” “का विणत नाही?” “शेतीचा खोळंबा होईल म्हणून.” “रांधतो कशात, नांगरतो कशाने?” “भांड्यांत रांधतो, लोखंडाने नांगरतो.” “ते स्वतः घडवतो?” “नाही, तेही धान्य देऊनच.” मेन्सियस म्हणतो, मग कुंभाराचे, लोहाराचे काम नांगर धरून करता येत नाही, आणि राज्य चालवायचे काम तेवढे नांगर धरून करता येते होय? काही जण डोक्याने राबतात, काही अंगाने. डोक्याने राबणारे राज्य करतात, अंगाने राबणारे त्यांना पोसतात. जगाची रीतच ही आहे.

शू शिंगचे स्वतःचे लिहिलेले काही उरलेले नाही. त्याची बाजू आपल्याला कळते ती त्याच्या विरोधकाच्या पुस्तकातून. शेतकऱ्याची बाजू बहुधा अशीच कळते!

मेन्सियसचे म्हणणे मला निम्मे पटते. सरपंचाने रोज कुळव हाणला तर पंचायतीचे दप्तर कोण बघणार? कामे वाटून घ्यावीच लागतात. आणि हा माणूस राजांचा भाटही नव्हता. लोक सगळ्यांत मोलाचे, मग माती आणि धान्याच्या देवता, आणि राजा सगळ्यांत हलका, असेही त्यानेच सांगून ठेवले आहे. पण कुंभाराने गाडगे दिले, मी पायलीभर जोंधळे दिले, व्यवहार फिटला. त्यात त्याने माझ्यापुढे वाकावे हे कुठून आले? आणि कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हावे हे कोणत्या हिशेबात बसते?

इथे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गाठले. १९३६ साली लाहोरच्या एका मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिले, मंडळाला ते पेलले नाही, सभाच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. जातीची व्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यात उत्तर दिले आहे : ही नुसती कामांची वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. मेन्सियसच्या भाषणातली जी फट मला सापडत नव्हती, ती यात सापडली. या रचनेला ते श्रेणीबद्ध विषमता म्हणत. तिचा चिवटपणा कशात आहे तेही त्यांनी दाखवले. अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असते, म्हणून वरच्याचा जाच सोसूनही आपली पायरी सोडायला कुणी तयार होत नाही. महार वतनाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणले. जुन्या मुंबई इलाख्यातली ही कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती पुढे १९५८ मध्ये. मध्ये तीस वर्षे गेली. आणि तळाच्यांना बांधून ठेवणारी वतने गेल्यावर चारच वर्षांनी आमचीही पाटीलकी गेली, हे घरात कधी कुणी जोडून सांगितले नव्हते.

शेवटचा माणूस फ्रान्सचा. एत्येन द ला बोएसी, १५३० मध्ये जन्मला, तेहेतिसाव्या वर्षाच्या आतच गेला. विशीच्या आसपास असताना त्याने एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा प्रश्न सोपा : हजारो लोकांवर एकटा माणूस जुलूम करतो, त्याला तरी दोनच डोळे आणि दोनच हात असतात, मग हे कसे? त्याचे उत्तर असे की बाकीचे डोळे आणि हात लोकांनीच दिलेले असतात. जुलमी राजाभोवती पाच-सहा जण असतात, त्यांच्याखाली सहाशे, त्यांच्याखाली सहा हजार, आणि प्रत्येक जण आपल्यापुरता तुकडा मिळतो म्हणून वरच्याला धरून असतो. त्याला पाडायला मारामारी नको, फक्त द्यायचे थांबवा.

‘गाव करील ते राव करील काय’ असे आपण म्हणतोच. पण ‘द्यायचे थांबवा’ हे सांगायला सोपे. ज्याचे साल पाडव्याला ठरायचे त्या माणसाने काय थांबवायचे होते? दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटणार? हे ला बोएसीला विचारायला हवे होते. आणि उलटेही घडते बरे का. कायदा खुर्ची देतो, गाव मान देत नाही. १९९३ पासून पंचायतीत बायकांना राखीव जागा आहेत, २०११ पासून आपल्या राज्यात त्या निम्म्या आहेत. तरी कित्येक ठिकाणी सभेच्या दिवशी खुर्चीवर कोण बसते आणि सही कुणाकडून घेतली जाते, हे तुम्ही पाहिलेलेच आहे.

असो. वर्षभर वाचून माझ्या मनाने घेतले की यंदा बैल त्या पोराचा, झूल त्याची, कासरा त्याच्याच हातात, आणि तोरणाखालून पहिला तोच जाईल. हे मी स्वतः जाऊन सांगायचे. स्वतःवर खूश होऊन परवा त्याच्या वस्तीवर गेलो. तो जोडीला धूत होता. त्याच्या आईने बाज टाकली, चहा दिला. मी सांगितले. मला वाटले होते, पोरगा हरखेल.

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “तात्या, तोरनाचं तुम्हालाच ऱ्हाऊ द्या. मागल्या साली मी बोललो ते बैलाच्या काळजीपायी. त्यो दुसऱ्याच्या हातानं बुजतो.”

मला काय बोलावे सुचेना. मग तोच हळूच म्हणाला, “मान द्यायचाच आसंल तर चारीच्या पान्याचं बघा. आमचं रान टेलला. वरची समदी भिजली की पानी बंद हुतं. दोन वर्सं झाली, हरभऱ्याला येक पाळी मिळंना.”

वाचकहो, आमचे रान चारीच्या मुखाशी आहे. पाणी आमच्याकडे आधी येते आणि आमच्याकडून उशिरा जाते. शेजपाळी टेलकडून सुरू करावी हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, दरवर्षी सभेत बोललेही जाते. मला कोंबड्यांचे दुसरे भांडे आठवले. पोळ्याचा पहिला मान मी उदार होऊन देऊन टाकायला निघालो होतो. त्याने माझी एक वाफासुद्धा कोरडी राहणार नव्हती.

पाणीवापर संस्थेचे चेअरमन दादाच आहेत. रब्बीच्या पाळ्या ठरवायची सभा पोळा उलटल्यावर लागेल. टेलपासून सुरुवात करायची म्हटली तर आमच्या गव्हाचे पहिले पाणी आठ-दहा दिवस लांबेल, आणि वरचे सगळे खातेदार दादांवर उलटतील. त्यांतले निम्मे आमचेच भाऊबंद आहेत. दादांशी मी अजून बोललो नाही. ते सध्या यंदाच्या बैलासाठी कुणाकुणाला फोन लावत आहेत.

सणाआधी बोलावे की सण होऊ द्यावा, यावर घरात दोन मते आहेत. घरची मंडळी म्हणतात, आजच बोला, पुरणपोळी कडू झाली तरी चालेल. तुमच्या चारीवर पाळी कुठून सुरू होते, आणि ती तशी कुणी, कशी लावून घेतली, हे कुणी लिहून कळवले तर सभेत मला हाताशी येईल.